सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन आतून कसं चालतं: थर एक-एक करून समजून घेऊ

जळगाव एमआयडीसीतली डाळ मिल असो, धुळ्यातली पतसंस्था असो नाहीतर चोपड्याचं एखादं कॉलेज, एकच दणकट सर्व्हर घ्यायचा आणि त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर) चालवायच्या ही पद्धत आता आपल्याकडे चांगली रुळलीय. टॅलीचं विंडोज एक, वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरचं एक, फाईल शेअरिंगचं लिनक्स, हजेरीच्या मशीनचा डेटा घेणारं अजून एक. इन्स्टॉल करणं अवघड नाहीच, व्हिडिओ बघून होऊन जातं. अडचण येते ती संध्याकाळी मुनीमजींचा फोन आला की. टॅली अडकतंय. मग आपला पोरगा काय करतो, तर व्हीएमला दिलेले कोर, म्हणजे प्रोसेसरचे काम करणारे भाग, चारचे आठ करतो, आणि टॅली अजून हळू चालायला लागतं.

हे का होतं ते कळायचं असेल तर आतली रचना माहीत पाहिजे भो. व्हीएम म्हणजे एक अखंड वस्तू नाही, एकावर एक बसलेले थर आहेत, आणि प्रत्येक थराचं दुखणं वेगळं दिसतं. खाली मी प्रॉक्समॉक्स हे व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर धरून सांगतोय कारण ते ओपन सोर्स आहे आणि त्याचे थर उघडे बघता येतात, पण व्हीएमवेअरचं ईएसएक्सआय किंवा मायक्रोसॉफ्टचं हायपर-व्ही वापरत असाल तरी नव्वद टक्के गोष्टी तशाच लागू होतील, फरक कुठे पडतो ते मध्ये सांगतो.

पायरी १: प्रोसेसरमध्ये काय सोय आहे ते आधी बघा

एक्स८६, म्हणजे इंटेल-एएमडीच्या नेहमीच्या प्रोसेसरमध्ये अधिकाराच्या चार पातळ्या असतात, त्यांना रिंग म्हणतात, शून्य ते तीन. ऑपरेटिंग सिस्टमचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, रिंग शून्यात चालतो आणि आपले प्रोग्राम रिंग तीनमध्ये. आता विंडोजला वाटतं रिंग शून्य माझीच आहे, आणि एका मशीनवर तीन विंडोज चालवायचे म्हटल्यावर तिघांनाही रिंग शून्य कशी देणार? पोपेक आणि गोल्डबर्ग या दोघा संशोधकांनी १९७४ मध्येच लिहून ठेवलं होतं की जी इन्स्ट्रक्शन (प्रोसेसरला दिलेली आज्ञा) मशीनच्या अवस्थेला हात लावते ती कमी अधिकारात चालवली तर अडली पाहिजे, म्हणजे मग खालचा हायपरव्हायजर (व्हीएम चालवणारा थर) तिला पकडून स्वतः हाताळेल. आयबीएमच्या मेनफ्रेमवर हे साठच्या दशकापासूनच सुरू होतं. एक्स८६ मध्ये मात्र अशा १७ इन्स्ट्रक्शन निघाल्या की ज्या अडायच्याच नाहीत, गुपचूप चुकीचं उत्तर देऊन पुढे जायच्या.

व्हीएमवेअरने १९९९ मध्ये याच्यावर मार्ग काढला तो बायनरी ट्रान्सलेशनचा, म्हणजे गेस्टच्या (व्हीएममधल्या ऑपरेटिंग सिस्टमच्या) कर्नलचा कोड चालता-चालताच बदलून टाकायचा. केंब्रिज विद्यापीठातून २००३ मध्ये आलेल्या झेन या हायपरव्हायजरने गेस्टच्या कर्नललाच सांगितलं की बाबा तू व्हर्च्युअल आहेस, अवघड काम असेल तर थेट मला विचार. आणि मग इंटेलने २००५ मध्ये व्हीटी-एक्स, एएमडीने २००६ मध्ये एएमडी-व्ही आणलं आणि प्रश्न हार्डवेअरमध्येच मिटला. प्रोसेसरला दोन मोड मिळाले, रूट आणि नॉन-रूट, दोन्हीत चारही रिंग आहेत. गेस्ट नॉन-रूटमध्ये आपल्या रिंग शून्यात सुखाने चालतो, आणि जिथे खरंच खालच्याची गरज पडते तिथे प्रोसेसर त्याला थांबवून रूट मोडमध्ये येतो. याला व्हीएम एक्झिट म्हणतात. हा शब्द डोक्यात पक्का बसवा, पुढे सगळीकडे हाच येणार आहे, कारण गेस्ट हळू का चालतो याची अर्धी उत्तरं ‘एक्झिट फार होतायत’ इथेच येऊन थांबतात.

करायचं काय, तर बायोसमध्ये जाऊन इंटेल असेल तर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडी असेल तर एसव्हीएम (बायोसमधलं एएमडी-व्हीचं नाव) आणि आयओएमएमयू चालू आहे ना ते बघा. असेंबल केलेल्या मशीनमध्ये हे बऱ्याचदा बंदच सापडतं.

पायरी २: केव्हीएम आणि क्यूएमू, दोघांची कामं वेगळी करून बघा

प्रॉक्समॉक्स म्हणजे खरं तर डेबियन लिनक्स. त्याच्यावर केव्हीएम, क्यूएमू आणि एक वेब पॅनल. केव्हीएम हे लिनक्स कर्नलचं मॉड्यूल आहे, क्युमरानेट कंपनीत अवी किविटीने लिहिलेलं, फेब्रुवारी २००७ मध्ये कर्नल २.६.२० सोबत ते मूळ लिनक्समध्ये आलं. त्याचं काम छोटं आणि नेमकं: प्रोसेसरला नॉन-रूट मोडमध्ये ढकलायचं, एक्झिट झाली की बघायचं, आपल्याला जमत असेल तर लगेच उरकून परत पाठवायचं, नसेल जमत तर वर क्यूएमूकडे द्यायचं. क्यूएमू हा फॅब्रिस बेलार्डचा प्रोग्राम, केव्हीएमच्याही आधीचा, २००३ चा. मदरबोर्ड, डिस्क कंट्रोलर, नेटवर्क कार्ड, डिस्प्ले, असलं सगळं हार्डवेअर सॉफ्टवेअरमध्ये उभं करणं हे याचं काम.

आता सर्व्हरच्या शेलमध्ये जाऊन टॉप कमांड चालवा. प्रत्येक चालू व्हीएमसाठी केव्हीएम नावाची एक प्रोसेस दिसेल. तीच ती क्यूएमूची प्रोसेस, आणि तुमची अख्खी विंडोज मशीन म्हणजे लिनक्सच्या दृष्टीने एवढीच, एक साधी प्रोसेस. तिचा प्रत्येक व्हर्च्युअल कोर म्हणजे त्या प्रोसेसमधला एक थ्रेड, कामाचा एक धागा. टॉप चालू असताना मोठा एच दाबला की थ्रेड सुटे दिसतात. ज्याला पुढचं सगळं समजून घ्यायचंय त्याने ही गोष्ट नुसती वाचू नये, स्वतःच्या सर्व्हरवर डोळ्यांनी बघावी. एकदा बघितलं की शेड्युलिंग, मेमरी, प्रायोरिटी हे सगळे लिनक्सचेच नेहमीचे नियम इथेही लागतात हे आपोआप समजतं.

ईएसएक्सआयमध्ये लिनक्सच्या जागी व्हीएमकर्नल नावाचा त्यांचा स्वतःचा कर्नल असतो. हायपर-व्हीमध्ये हायपरव्हायजर सगळ्यात खाली बसतो आणि तुम्ही जे विंडोज सर्व्हर समोर बघता तेही त्याच्या वरचं एक पॅरेंट पार्टिशन असतं, बाकीच्या मशीन डिस्क-नेटवर्कसाठी व्हीएमबसवरून त्याच्याशी बोलतात. म्हणून हायपर-व्हीच्या होस्टवर (खऱ्या सर्व्हरवर) अँटिव्हायरस, प्रिंटर, टॅली असलं काही टाकू नका, पॅरेंट दमला की सगळे दमतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, त्यानंतर कायमचं लायसन्स विकणं बंद होऊन सगळं सबस्क्रिप्शनवर गेलं, त्यामुळे छोट्या ऑफिससाठी मी तरी आता प्रॉक्समॉक्सच सुचवतो.

पायरी ३: कोर वाटताना हात आखडता घ्या

साक्री तालुक्यात पांझरेच्या काठी फड पद्धत बघितली असेल तर हा भाग पटकन कळेल. तिथे पाटाचं पाणी शेतकरी स्वतः फोडत नाही, पाटकरी पाळीने प्रत्येकाला देतो. लिनक्सचा शेड्युलर हा इथला पाटकरी. खरे कोर १६ आणि सगळ्या व्हीएमचे मिळून व्हर्च्युअल कोर ३० असले तरी चालतं, कारण सगळ्यांना एकाच वेळी पाणी लागत नाही. पण लागलं की पाळी येते आणि वाट बघावी लागते.

आता आठ कोर दिले की हळू का होतं ते बघा. आठ थ्रेडपैकी एकाने विंडोजच्या कर्नलमधलं एखादं लॉक (एका वेळी एकालाच मिळणारा ताबा) धरलं आणि नेमकी तेव्हाच त्याची पाळी संपली, होस्टने त्याला बाजूला केलं. बाकीचे सात त्या लॉकसाठी जागेवर गरगरत बसतात, खरे कोर जाळत बसतात, आणि ज्याच्याकडे लॉक आहे त्याला परत कोर मिळायला अजून उशीर होतो. होस्टवर गर्दी असेल तेव्हा जितके व्हर्च्युअल कोर जास्त तितकी ही शक्यता जास्त. नवीन प्रोसेसर असं गरगरणं ओळखून एक्झिट घडवतात, त्याने मार कमी बसतो, पूर्ण थांबत नाही.

त्यामुळे सुरुवात दोन किंवा चार कोरने करा, आठवडाभर ग्राफ बघा, खरंच शंभर टक्क्याला टेकत असेल तरच वाढवा. लिनक्स गेस्ट असेल तर त्याच्या टॉपमध्ये एसटी म्हणून एक आकडा असतो, तो स्टील टाईम, म्हणजे गेस्टला काम करायचं होतं पण होस्टने पाळीच दिली नाही असा वेळ. तो सतत पाच-दहाच्या वर दिसला की समजा होस्टवर गर्दी आहे. विंडोजमध्ये हे दिसत नाही, तिथे होस्टचाच लोड बघावा लागतो.

सीपीयू टाईप, म्हणजे गेस्टला कोणता प्रोसेसर दाखवायचा, हेही लोक विचारतात. एकच सर्व्हर असेल तर ‘होस्ट’ हा टाईप ठेवून बघायला हरकत नाही. दोन वेगवेगळ्या पिढ्यांचे सर्व्हर असतील आणि चालू मशीन एकावरून दुसऱ्यावर हलवायची असेल तर दोघांना चालेल असा कॉमन टाईप घ्या, नाहीतर ज्या इन्स्ट्रक्शन तिकडच्या प्रोसेसरमध्ये नाहीतच त्या गेस्ट मागेल आणि पडेल.

पायरी ४: रॅमचा हिशोब कागदावर करा

रॅमला कोरसारखी पाळी लावता येत नाही. गेस्टला जो पत्ता खरा वाटतो तो होस्टवर भलत्याच ठिकाणी असतो, आणि हा दुहेरी तक्ता आता प्रोसेसरच सांभाळतो, इंटेलमध्ये त्याला ईपीटी म्हणतात. पण शेवटी पान (रॅमचा तुकडा) तर खऱ्या रॅममध्येच पाहिजे.

समजा ६४ जीबीचा सर्व्हर आहे. टॅलीच्या विंडोजला १६, दुसऱ्या विंडोजला १२, दोन लिनक्सला ८ आणि ४, झाले ४०. डिस्कसाठी झेडएफएस ही फाईल सिस्टम वापरत असाल तर ते स्वतःची कॅश होस्टच्या रॅममध्येच ठेवतं, तिला मर्यादा घाला, समजा ८. होस्टला स्वतःला ४. राहिले १२ ते मोकळे राहू द्या, लगेच पाचवी मशीन टाकायचा मोह आवरा.

याचं कारण मघाचंच, व्हीएम ही प्रोसेस आहे. होस्टची रॅम खरंच संपली की लिनक्सचा ओओएम किलर एक प्रोसेस मारतो, आणि तो शोधतो ती सगळ्यात जास्त रॅम खाणारी. म्हणजे नेमकी तुमची सगळ्यात महत्त्वाची मशीन. आत विंडोजच्या लॉगमध्ये कारण काहीच सापडत नाही, नुसतं ‘अचानक बंद पडलं’ एवढंच, आणि लोक बिचारे विंडोज परत इन्स्टॉल करत बसतात. अशी तक्रार आली की पहिले होस्टचा कर्नल लॉग उघडा.

बलूनिंग म्हणून एक सोय आहे, होस्टची रॅम ८० टक्क्यांच्या आसपास भरली की प्रॉक्समॉक्स गेस्टमधल्या बलून ड्रायव्हरला फुगायला सांगतं आणि तेवढी रॅम परत मिळते. टेस्टिंगच्या मशीनला ठीक आहे. टॅली, डेटाबेस असलेल्या मशीनला मात्र किमान आणि कमाल रॅम सारखीच ठेवा.

पायरी ५: डिस्क. इथे घाई करू नका

माझ्या अनुभवात ‘सर्व्हर हळू आहे’ म्हणून येणाऱ्या तक्रारींतल्या सगळ्यात जास्त इथल्या निघतात, म्हणून एका एंट्रीचा अख्खा प्रवास सांगतो.

मुनीमजींनी व्हाउचर सेव्ह केलं. टॅलीने विंडोजला सांगितलं लिही. विंडोजची फाईल सिस्टम ते डिस्कच्या ड्रायव्हरकडे देते. आता तुम्ही डिस्क आयडीई किंवा साटा म्हणून जोडली असेल तर विंडोजला समोर जुनी खरी डिस्क दिसते, तो तिच्या रजिस्टरमध्ये एक-एक करून आकडे लिहितो, आणि त्यातला बराचसा हात लावणं म्हणजे व्हीएम एक्झिट. नॉन-रूटमधून बाहेर, केव्हीएम बघतो हे माझं काम नाही, वर क्यूएमूला उठवतो, क्यूएमू खोट्या कंट्रोलरचं उत्तर तयार करतो, परत आत. एका छोट्या राईटसाठी हे फेरे अनेकदा.

डिस्क व्हर्टआयओ स्कझी म्हणून जोडली असेल तर गोष्ट वेगळी. व्हर्टआयओमध्ये खरं हार्डवेअर असल्याचं नाटकच नाही. गेस्ट आणि होस्ट दोघांना दिसेल अशी एक रांग रॅममध्ये ठेवलेली असते, विंडोजचा व्हर्टआयओ ड्रायव्हर काम त्या रांगेत मांडतो आणि एकदाच खालच्याला टिचकी मारतो. एकाच टिचकीत दहा कामंसुद्धा जातात. क्यूएमूमधला आयओ थ्रेड रांग उपसतो, होस्टच्या कर्नलला देतो, तो एलव्हीएम (डिस्कची जागा वाटणारा थर) नाहीतर झेडएफएसमधून एसएसडीपर्यंत पोचवतो, आणि झालं की गेस्टला इंटरप्ट, म्हणजे काम झाल्याचा इशारा, जातो. म्हणून मशीन बनवतानाच व्हर्टआयओ स्कझी सिंगल निवडा, आयओ थ्रेडवर टिक करा, आणि विंडोज इन्स्टॉल करताना व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडी ड्राइव्हला लावा. ती नसेल तर सेटअपमध्ये डिस्क दिसतच नाही आणि लोक तिथेच कंटाळून साटा करून टाकतात. तिथे ‘लोड ड्रायव्हर’ दाबून पाच मिनिटं द्या, पुढची पाच वर्षं सुखाची जातात.

पण प्रवास अजून संपला नाही. अकाउंटिंगचं किंवा डेटाबेसचं सॉफ्टवेअर नुसतं लिही म्हणत नाही, ‘खरंच डिस्कवर गेलं का ते सांग’ असंही म्हणतं, त्याला फ्लश म्हणतात. हा फ्लश सगळे थर पार करून एसएसडीपर्यंत जातो. साध्या दुकानातल्या एसएसडीला तो खरोखर चिपवर लिहूनच उत्तर द्यावं लागतं, तिथे वेळ लागतो. सर्व्हरच्या एसएसडीमध्ये लाईट गेली तरी हातातलं लिहून होईल एवढी वीज धरणारे कपॅसिटर असतात, त्यामुळे तो डेटा हातात आला की लगेच ‘झालं’ म्हणू शकतो. दोन्हीच्या जाहिरातीतला स्पीड सारखा असला तरी टॅलीला जाणवणारा फरक इथे आहे. पैसे कमी असतील तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या पण एसएसडी सर्व्हरचीच घ्या, हे मी प्रत्येकाला सांगतो.

प्रॉक्समॉक्समध्ये डिस्कला कॅशचे पर्याय असतात. नो कॅश हा डीफॉल्ट आहे, तोच राहू द्या. राईटबॅकमध्ये होस्टची रॅम मध्ये येते पण फ्लश पाळला जातो. अनसेफ नावाचा जो आहे तो फ्लश सरळ गिळून टाकतो, आकडे फार भारी दिसतात, आणि लाईट गेली की डेटा जातो. आपल्याकडे वळवाच्या वाऱ्यात लाईट कशी जाते हे सांगायला नको, त्याला हात लावू नका.

अजून एक, थिन डिस्क. तुम्ही ५०० जीबी म्हणता पण जागा वापरेल तशी लागते, म्हणून एक टीबीच्या पूलवर (डिस्कच्या एकत्र साठ्यावर) दोन टीबीच्या डिस्क वाटल्या जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. पूल शंभर टक्के भरला की मात्र त्याच्यावरच्या सगळ्या मशीनना एकदम राईट एरर येतात. डिस्कवर डिस्कार्ड चालू ठेवा म्हणजे गेस्टमध्ये डिलीट केलेली जागा पूलला परत मिळते, जुने स्नॅपशॉट (मशीनच्या त्या-त्या क्षणाच्या नोंदी) डिलीट करत राहा, आणि ८० टक्क्याला मेल येईल अशी सोय करा.

पायरी ६: नेटवर्क

हे तुलनेने सोपं आहे. होस्टमध्ये लिनक्स ब्रिज असतो, म्हणजे सॉफ्टवेअरचा स्विच, खरं लॅन पोर्ट त्याचा एक पोर्ट आणि प्रत्येक व्हीएम एक-एक पोर्ट. कार्ड व्हर्टआयओच निवडा, त्याचं पॅकेट व्हीहोस्ट नावाचा कर्नलचा भाग उचलतो आणि क्यूएमूपर्यंत जावंच लागत नाही. एकाच होस्टवरच्या दोन मशीनचं आपसातलं बोलणं तुमच्या भिंतीवरच्या स्विचपर्यंत येतच नाही, त्यामुळे ‘स्विच गिगाबिटचा आहे म्हणून हळू’ हे कारण तिथे चालत नाही. सीसीटीव्ही आणि अकाउंट एकाच वायरवर असतील तर व्हीलॅन (एकाच वायरवरचं वेगळं नेटवर्क) करून वेगळे करा.

पायरी ७: वरचा मॅनेजमेंट थर, आणि दोन सर्व्हरचा क्लस्टर

८००६ पोर्टवर जे वेब पॅनल उघडतं ते बंद पडलं तरी मशीन चालूच राहतात, कारण त्या वेगळ्या प्रोसेस आहेत. पॅनल उघडेना म्हणून घाबरून सर्व्हरचं पॉवर बटण दाबू नका, शेलमध्ये जाऊन नुसती पॅनलची सर्व्हिस रीस्टार्ट करा.

दोन सर्व्हर जोडून क्लस्टर करणार असाल तर मतांचं गणित समजून घ्या. कोरोसिंक नावाचा भाग बहुमत बघतो. दोनपैकी एक पडला की उरलेल्याकडे दोनातलं एकच मत, म्हणजे बहुमत नाही, मग सगळी सेटिंग ठेवणारी फाईल सिस्टम रीड-ओन्ली होते आणि बंद असलेली मशीन सुरू करता येत नाही. म्हणजे जो प्रसंग निभावायला दुसरा सर्व्हर घेतला त्याच प्रसंगात तो अडून बसतो. उपाय स्वस्त आहे, एखाद्या जुन्या पीसीवर किंवा रास्पबेरी पाय या चिमुकल्या कॉम्प्युटरवर क्यूडिव्हाइस टाकून तिसरं मत द्या.

पायरी ८: लाईट, ऊन आणि बॅकअप

यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला लावून नट नावाचं सॉफ्टवेअर बसवा, म्हणजे बॅटरी संपत आली की होस्ट स्वतः सगळ्यांना बंद व्हायला सांगेल. प्रत्येक विंडोजमध्ये क्यूएमू गेस्ट एजंट (होस्टचा निरोप आत घेणारा छोटा प्रोग्राम) टाकलेला असावा, नाहीतर बंद हो म्हणणारा निरोप कधी-कधी आत पोचतच नाही. बंद व्हायचा क्रमही ठरवा, आधी टॅलीचं, मग फाईल सर्व्हर. आणि सगळं मिळून किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा, यूपीएस तेवढा वेळ टिकला पाहिजे.

मे महिन्यात जळगाव-भुसावळ पट्ट्यात पारा ४५ च्या घरात जातो. पत्र्याच्या केबिनमध्ये ठेवलेला सर्व्हर तापला की प्रोसेसर आणि एसएसडी दोन्ही स्वतःचा वेग कमी करतात. गेस्टला होस्टचं तापमान दिसत नाही, त्यामुळे आतून बघणाऱ्याला सगळं बरोबर दिसतं, फक्त हळू. दुपारी दोन ते पाच हळू आणि रात्री ठीक अशी तक्रार असेल तर होस्टचे सेन्सर बघा.

बॅकअपचं एवढंच की स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे, तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की दोन्ही गेले. बॅकअप दुसऱ्या मशीनवर घ्या आणि एक प्रत बिल्डिंगच्या बाहेर ठेवा. गेस्ट एजंट असेल तर बॅकअपच्या क्षणी विंडोजला सांगितलं जातं की हातातलं सगळं लिहून घे, म्हणून डेटा नीट येतो. महिन्यातून एकदा तो बॅकअप नवीन नंबरच्या व्हीएममध्ये रिस्टोअर करून टॅली उघडून शेवटची एंट्री बघा, फक्त सुरू करण्याआधी तिचं नेटवर्क कार्ड डिस्कनेक्ट करा, नाहीतर एकाच आयपीच्या दोन मशीन लॅनवर येतील आणि लोक कोणत्या टॅलीत एंट्री करतायत हेच कळणार नाही.